अली आणि मार्सियानो सोलापुरात भिडले तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे नेमकं चालतं काय?

रविवारी संध्याकाळी पार्क चौकाजवळच्या एका चहाच्या टपरीमागे आम्ही काही जण जमतो आणि बॉक्सिंगमधले जे हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटातले, चॅम्पियन एकमेकांशी कधी भिडले नाहीत, भिडणं शक्यच नव्हतं, त्यांची फाइट लावतो. रिंग नाही, ग्लोव्ह्ज नाहीत. दोन बाजू, तीन जज आणि मोबाइलवर लावलेलं घड्याळ, एवढंच. एक जण रॉकी मार्सियानोच्या कॉर्नरला, म्हणजे त्याच्या बाजूने, दुसरा मुहम्मद अलीच्या. राउंड म्हणजे तीन मिनिटांचा वाद, मग एक मिनिट चहा. लांबून बघणाऱ्याला वाटतं, बांधावरून भांडण पेटलंय.

त्यापेक्षा खऱ्या फाइट बघा की.

बघतो हो. रियाधची फाइट सुरू होईपर्यंत आपल्याकडे रात्र सरत आलेली असते, तरी जागतो.

निकाल कसा लावता? जो जास्त ओरडेल तो जिंकला, असंच ना?

सुरुवातीला तसंच व्हायचं. आता जज प्रत्येक राउंडला खऱ्या पद्धतीनेच गुण देतात. राउंड जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, कुणी खाली गेला तर त्याला 8. फक्त नॉकडाउन फुकट मिळत नाही. ‘माझ्या माणसाने मारला आणि तुझा पडला’ असं म्हणून भागत नाही. तो ठोसा त्याने खऱ्या फाइटमध्ये कुणावर चालवला आणि समोरचा तसल्याच ठोशाने पूर्वी कधी पडलाय का, हे दोन्ही दाखवावं लागतं.

अलीचंच घ्या. 1962 मध्ये सॉनी बँक्सने त्याला पाडलं, 1963 मध्ये लंडनला हेन्री कूपरने आणि 1971 मध्ये न्यूयॉर्कला पंधराव्या राउंडला जो फ्रेझरने. तिन्ही वेळा ठोसा एकच, डावा हुक, म्हणजे डाव्या हाताने बाजूने वळवून मारलेला. कारणही समजण्यासारखं आहे. अली उजवा हात गालापासून खाली ठेवायचा आणि ठोसा चुकवताना मान बाजूला नेण्याऐवजी सरळ मागे घ्यायचा. म्हणून अलीसमोर डाव्या हुकवाल्याचा दावा आम्ही ऐकून घेतो. उजव्या हाताच्या एका दणक्यात अली आडवा, असं कुणी म्हटलं तर जज चहा मागवतात.

हार मानायची असेल तर कॉर्नरने टेबलावर टॉवेल टाकायचा. टॉवेल सोलापुरीच आहे, त्याची चिंता नको.

अली विरुद्ध माइक टायसन लावा म्हटलं की तुम्ही आधी तारीख का विचारता?

कारण नुसतं ‘अली’ म्हणून कुणी रिंगमध्ये उतरत नाही. 14 नोव्हेंबर 1966 ला ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्ससमोर उभा राहिलेला अली 24 वर्षांचा होता. हात लागायच्या आत तो जागेवरून गेलेला असायचा आणि तिसऱ्याच राउंडला काम संपलं. पुढच्या वर्षी त्याने लष्करात भरती व्हायला नकार दिला, लायसन्स गेलं आणि ऐन उमेदीतली साडेतीन वर्षं रिंगबाहेर गेली. 30 ऑक्टोबर 1974 ला किन्शासात जॉर्ज फोरमनला पाडणारा अली दोरांना टेकून मार झेलत होता आणि समोरच्याचा दम संपायची वाट बघत होता. त्याचे पाय पूर्वीचे राहिले नव्हते, डोकं मात्र दुप्पट चालत होतं. आणि 1980 मध्ये लास व्हेगासला लॅरी होम्ससमोर बसलेल्या 38 वर्षांच्या अलीला दहा राउंडनंतर त्याच्याच कॉर्नरने उठू दिलं नाही. नाव एकच, पण फाइटसाठी ही तीन वेगळी माणसं आहेत.

टायसनचं तर वर्षांवर नाही, महिन्यांवर मोजावं लागतं. 27 जून 1988 ला त्याने मायकल स्पिंक्सला 91 सेकंदांत झोपवलं. 11 फेब्रुवारी 1990 ला टोकियोत बस्टर डग्लसने त्याला दहाव्या राउंडला पाडलं. मधे दोन वर्षंसुद्धा गेली नव्हती.

1966 चा अली विरुद्ध 1988 चा टायसन आम्ही लावली आहे. अली गुणांवर जिंकला, एकदा खाली जाऊन. कशाने, ते वरती सांगितलंच आहे. टायसनच्या कॉर्नरचा पोरगा त्यानंतर बराच काळ फिरकला नव्हता.

नियम कुठल्या काळाचे धरता?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो. खरं तर तो पहिला हवा, कारण निम्म्या फाइटचा निकाल इथेच लागतो.

23 सप्टेंबर 1952, फिलाडेल्फिया. रॉकी मार्सियानो विरुद्ध चॅम्पियन जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच राउंडला मार्सियानो खाली गेला. बारा राउंड झाले तेव्हा तो तिन्ही गुणपत्रिकांवर मागे होता. तेराव्यात त्याचा उजवा हात आखूड अंतरावरून वॉलकॉटच्या जबड्यावर बसला, वॉलकॉट दोरावर हात अडकून गुडघ्यावर आला आणि तिथून उठलाच नाही. किताबाची फाइट तेव्हा पंधरा राउंडची असायची. आता हीच फाइट आजच्या बारा राउंडच्या नियमांनी लावून बघा. घंटा वाजते, वॉलकॉटचा हात वर जातो आणि मार्सियानोच्या ज्या 49 पैकी 49 विजयांचे सगळे गोडवे गातात ते 49 उरत नाहीत.

1941 चं बघा. बिली कॉन म्हणजे मुळात लाइट हेवीवेट, जो लुईसपेक्षा अंगाने कितीतरी हलका. बारा राउंडनंतर तो गुणांवर पुढे होता. लुईसने त्याला तेराव्या राउंडचे जेमतेम दोन सेकंद उरले असताना पाडलं. बारा राउंडचा जमाना असता तर लुईसची 1937 ते 1949 ही सलग कारकीर्द मधेच तुटली असती आणि किताब राखण्याचा 25 वेळांचा विक्रमही झाला नसता.

कुणी म्हणेल, बाराच राउंड आहेत हे माहीत असतं तर मार्सियानो आणि लुईस आधीपासूनच जोर लावून लढले असते. म्हणणं रास्त आहे. पण मग वॉलकॉट आणि कॉननेही दम वेगळा राखला असता. हे दोन्ही बाजूंनी धरायचं किंवा कुठल्याच बाजूने नाही.

पंधराचे बारा का झाले, तेही विचारलं जातं. नोव्हेंबर 1982 मध्ये लास व्हेगासला रे मॅन्सिनीशी लढताना दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडला कोसळला आणि काही दिवसांनी गेला. त्यानंतर एका जागतिक संघटनेने आधी बारा केले, बाकीच्यांनी पुढच्या काही वर्षांत. त्याच्याही मागे गेलात तर 1915 ची हवानामधली जॅक जॉन्सन आणि जेस विलर्ड यांची फाइट 45 राउंडची ठरली होती. ती सव्विसाव्याला संपली.

आणि जॅक डेम्पसीचं काय करायचं? 4 जुलै 1919 ला टोलेडोत त्याने विलर्डला पहिल्या राउंडमध्ये सात वेळा पाडलं. पडलेला माणूस उठत असताना त्याच्या डोक्याशी उभं राहायची तेव्हा मुभा होती. विलर्डचे गुडघे जमिनीवरून सुटले की डेम्पसीचा पुढचा ठोसा तयारच असायचा. पुढे नियम आला की पाडणाऱ्याने आधी लांबच्या रिकाम्या कोपऱ्यात जायचं, मगच मोजणी सुरू होईल. 1927 मध्ये शिकागोला हाच नियम डेम्पसीला नडला. जीन टनी सातव्या राउंडला खाली गेला, डेम्पसी जुन्या सवयीने तिथेच घुटमळला आणि टनीला दहाऐवजी तेरा-चौदा सेकंद मिळाले. टनी उठला आणि फाइट जिंकला.

म्हणून आमच्याकडे फाइट ठरते तेव्हाच नाणं उडवतात. टॉस जिंकणारा नियमांचं वर्ष निवडतो. डेम्पसीचा कॉर्नर टॉस जिंकला की बाकीचे कपाळाला हात लावतात.

मार्सियानोची उंची आणि रीच बघून तो अलीपुढे टिकेल असं कसं म्हणता?

मार्सियानो 5 फूट 10 इंच, रीच (हातांचा पल्ला) साधारण 67 इंच. अली 6 फूट 3 इंच, रीच 78. कागदावर 11 इंचांचा फरक दिसला की लोक पुढचं ऐकतच नाहीत.

पूर्व भागातले आमचे एक अण्णा आहेत. सारं आयुष्य लूमवर गेलं, टेप कायम खिशात. त्यांनी एकदा टपरीच्या भिंतीवर खडूने दोन आडव्या रेघा ओढल्या, एक 78 इंचांची आणि खाली 67 ची. दोन्हींचा मध्य एकाखाली एक धरला आणि आम्हाला म्हणाले, बघा आता. रीच मोजतात ती दोन्ही हात पसरून, एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत, मधली छाती धरून. म्हणजे 11 इंचांतले एका हाताच्या वाट्याला येतात साडेपाच. त्यांनी आपला तळहात त्या फरकावर ठेवला आणि तो जवळपास झाकला गेला. चहावाला ओरडला तेव्हा रेघा पुसल्या, पण त्या दिवसापासून ‘अकरा इंच’ हा शब्द कुणी काढत नाही.

साडेपाच इंच काही थोडे नाहीत. मार्सियानोला प्रत्येक वेळी जॅबच्या, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या, खालून आत शिरावं लागेल, आणि शिरताना तो खाणार. त्याची कातडी लवकर फाटायची. 1954 मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याचं नाक असं फाडलं होतं की फाइट थांबते की काय अशी वेळ आली. म्हणून माझं मत असं: 1966 च्या अलीसमोर मार्सियानो जखमेमुळे थांबवला जातो, दहाव्या राउंडच्या आसपास. 1974 च्या, दोरांना टेकणाऱ्या अलीसमोर मात्र मी मार्सियानोच्या कॉर्नरला बसायला तयार आहे. थकवून हरवायचा तो डाव मार्सियानोवर चालणार नाही, कारण तो थकत नसे.

दोघांशी लढलेला एकच माणूस होऊन गेला, आर्ची मूर. 1955 मध्ये त्याने मार्सियानोला दुसऱ्या राउंडला पाडलं आणि नवव्यात हरला. 1962 मध्ये, मूर पंचेचाळिशीच्या आसपास असताना, तरुण अलीने त्याला चौथ्या राउंडला संपवलं. अलीचे भक्त हे पुरावा म्हणून पुढे करतात. मधल्या सात वर्षांत मूर म्हातारा झाला, एवढाच तो पुरावा आहे.

पण आजचे राक्षसी हेवीवेट जुन्यांना सरळ चिरडतील, नाही का?

बऱ्याच जणांना हो. ते कबूल करायला आम्हाला जड जात नाही, जुन्यांच्या चाहत्यांना जातं.

आधी वजनाचा हिशेब. आज 200 पौंडांपर्यंतचा माणूस क्रूझरवेट, म्हणजे साधारण 91 किलोपर्यंत. मार्सियानो 85 किलोच्या आसपास लढायचा, टोलेडोतला डेम्पसीही तेवढाच. 1938 मध्ये मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच राउंडला उडवणारा लुईस 90 किलोचा. तिघेही आज हेवीवेटमध्ये बसणार नाहीत.

तरी नुसत्या आकाराने फाइट जिंकता येत नाही. विलर्ड साडेसहा फुटांचा होता, डेम्पसीपेक्षा 25 किलोंहून जड, आणि काय झालं ते वर आलंच आहे. 1935 मध्ये लुईसने धिप्पाड प्रीमो कार्नेराला सहाव्या राउंडला आवरलं. 2009 मध्ये डेव्हिड हेने सात फुटी निकोलाय व्हॅल्युएव्हला गुणांवर हरवलं. मे 2024 मध्ये रियाधला 6 फूट 3 इंचांच्या ओलेक्सांद्र उसिकने 6 फूट 9 इंचांच्या टायसन फ्युरीला हरवलं. फ्युरी त्या रात्री जवळपास 119 किलोचा होता, उसिक 101 च्या आसपास. डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं.

घात होतो तो मोठा माणूस शहाणाही असतो तेव्हा. लेनॉक्स लुईस 6 फूट 5 इंच, रीच 84, आणि डाव्या हाताच्या जॅबने अंतर राखण्यात वाकबगार. विलर्ड आणि कार्नेराला असं बॉक्सिंग येतच नव्हतं. लेनॉक्ससमोर मार्सियानो माझ्या हिशेबाने सहा राउंड काढतो, आणि सहाही मोठ्या हिमतीने. लेनॉक्सलासुद्धा 1994 मध्ये ऑलिव्हर मॅकॉलने आणि 2001 मध्ये हसीम रहमानने एकेका ठोशात पाडलं होतं, एवढी एक खिडकी उघडी राहते.

मार्सियानोला आजचा खुराक, आजचं जिम दिलं तर?

तो खेळ आम्ही खेळत नाही. मार्सियानो आज जन्मला असता, 110 किलोचा झाला असता, डावखुऱ्यांशी सराव केला असता, ही कादंबरी झाली. आमच्याकडे माणूस जसा होता तसाच टपरीवर येतो.

फ्रेझरने अलीला हरवलं, फोरमनने फ्रेझरला. मग फोरमन अलीपेक्षा भारीच ना?

1974 च्या ऑक्टोबरपर्यंत सगळं जग हेच म्हणत होतं. मार्च 1971 मध्ये फ्रेझरने अलीला हरवलं. जानेवारी 1973 मध्ये किंग्स्टनला फोरमनने फ्रेझरला दोन राउंडांत सहा वेळा खाली पाठवलं. मार्च 1973 मध्ये केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला. पुढच्या वर्षी फोरमनने नॉर्टनला दोन राउंडांत उडवलं. सगळी बेरीज फोरमनच्या बाजूने. आणि किन्शासात अलीने त्याला आठव्याला पाडलं.

फ्रेझर खाली वाकून पुढे यायचा, म्हणजे फोरमनच्या अपरकटच्या (खालून वर येणाऱ्या ठोशाच्या) तोंडी स्वतःहून जायचा. अली मागे सरकायचा, त्यामुळे फोरमनचे लांबून फिरवलेले ठोसे हवेत किंवा हातांवर. कोण कुणाला गैरसोयीचा आहे, हे बघावं लागतं. ही साखळी लावून निकाल काढणाऱ्याला आमच्याकडे जज करत नाहीत.

कॉम्प्युटरला विचारा की. आता तर एआय आहे.

हा प्रयोग 1967 मध्येच होऊन गेला. मायामीचे रेडिओ निर्माते मरे वोरोनर यांनी 16 चॅम्पियनांची स्पर्धा एनसीआर 315 नावाच्या कॉम्प्युटरवर लावली आणि निकालांवरून रेडिओवर फाइटचं धावतं वर्णन केलं. अंतिम फाइटमध्ये मार्सियानोने डेम्पसीला तेराव्या राउंडला हरवलं. अली जिम जेफ्रीजकडून आधीच बाद झाला होता. संतापून त्याने बदनामीचा दावा ठोकला. त्यातून तडजोड निघाली आणि 1969 मध्ये अली आणि मार्सियानो खरोखर कॅमेऱ्यासमोर रिंगमध्ये उतरले. मार्सियानोला निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती. त्याने वजन उतरवलं, केसांचा टोप घातला. अलीला तेव्हा रिंगबंदी होती. वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले आणि 20 जानेवारी 1970 ला थिएटरांत दाखवलेल्या शेवटात मार्सियानो जिंकला, पुन्हा तेराव्यालाच. मार्सियानोने ते पाहिलं नाही. 31 ऑगस्ट 1969 ला, 46 वा वाढदिवस एक दिवसावर असताना, तो विमान अपघातात गेला होता.

कॉम्प्युटरकडे स्वतःचं काहीच नव्हतं. जाणकारांची मतं आकड्यांत करून आत घातली होती, तीच फिरून बाहेर आली. आमच्यातल्या एकाने परवा एआयला विचारलं. उत्तर दोन्ही बाजूंनी गोड होतं. तीन मिनिटांत बाजू न घेणाऱ्याला आमच्याकडे शून्य.

वेगवेगळ्या काळांतले दोघे खरंच कधी भिडले?

वारंवार, पण एकाच्या उतारावर. 1951 मध्ये 37 वर्षांच्या जो लुईसला मार्सियानोने आठव्या राउंडला पाडलं. 1988 मध्ये 38 वर्षांच्या होम्सला टायसनने चौथ्याला. उलट दिशेने गेला तो एकटा फोरमन. अलीकडून हरल्यानंतर वीस वर्षांनी, 5 नोव्हेंबर 1994 ला, 45 व्या वर्षी त्याने 26 वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या राउंडला पाडून किताब परत मिळवला. नऊ राउंड मार खात होता. काळ मधे आला की ठोसा सगळ्यात शेवटी जातो, पाय आधी जातात, हे या एका फाइटमधून शिकावं.

जे कधीच चॅम्पियन झाले नाहीत, त्यांना प्रवेश आहे का?

आहे, आणि तो नियम आम्ही मुद्दाम केला. सॅम लँगफर्डला हेवीवेट किताबाची संधी मिळालीच नाही. हॅरी विल्स वर्षानुवर्षं दारात उभा राहिला, डेम्पसीची त्याच्याशी फाइट झालीच नाही. दोघेही काळे होते. जॉन्सनने 1908 मध्ये सिडनीला किताब घेतला आणि 1915 मध्ये गमावला, त्यानंतर 1937 मध्ये लुईस येईपर्यंत एकाही काळ्या बॉक्सरला हेवीवेट किताबासाठी उभं केलं गेलं नाही. त्या काळच्या याद्या चॅम्पियनांच्या आहेत, उत्तमांच्या असतीलच असं नाही. क्यूबाचा टिओफिलो स्टिव्हन्सन 1972, 1976 आणि 1980 अशी तीन ऑलिंपिक सुवर्णं घेऊनही व्यावसायिक झाला नाही. त्यालाही खुर्ची आहे, फक्त पंधरा राउंडचा दम त्याच्या कॉर्नरने सिद्ध करायचा.

सोलापूरच्या उन्हात फाइट लावली तर?

गेल्या मे महिन्यात लावली होती. स्थळ इंदिरा गांधी स्टेडियम, वेळ दुपारी तीन, पारा 43. हसू नका, उन्हाने निकाल फिरवलेत. 25 जून 1952 ला न्यूयॉर्कला 40 अंशांत शुगर रे रॉबिन्सन लाइट हेवीवेट किताबासाठी जोई मॅक्सिमशी लढला. आधी रेफरीच दहाव्या राउंडनंतर गळाला, दुसरा आणावा लागला. रॉबिन्सन गुणांवर पुढे होता, तरी तेराव्यानंतर स्टुलावरून उठू शकला नाही.

सोलापूरच्या दुपारी फ्युरी आणि फोरमन दोघेही सहाव्यानंतर संपतात, यावर आमचं एकमत झालं. एकमत क्वचित होतं, म्हणून नोंदवलं. उन्हात मी जॅक जॉन्सनवर पैसे लावीन. तो कमीत कमी हालचाल करून लढायचा आणि समोरच्याच्या दंडांना धरून त्याचाच दम काढायचा.

आपलं कुणी नाही का यात?

1980 मध्ये अली भारतात आला तेव्हा दिल्लीत कौर सिंग यांनी त्याच्याशी प्रदर्शनीय फाइट केली. तेच 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेचे हेवीवेट सुवर्णविजेते. आणि हो, 1959 चे पहिले हिंद केसरी श्रीपती खंचनाळे विरुद्ध अमुकतमुक, अशी मागणी दर गड्ड्याच्या यात्रेला होते. कुस्तीची वही वेगळी आहे, ती दुसऱ्या टेबलावर.

पैज चालते का?

वर ‘पैसे लावीन’ म्हटलं ते तोंडी. हरलेला कॉर्नर चहाचं बिल देतो, त्यापुढे काही नाही.

पुढची फाइट कोणती?

1938 चा जो लुईस विरुद्ध 2024 चा उसिक. टॉस लुईसच्या कॉर्नरने जिंकला आणि पंधरा राउंड घेतले. उसिक डावखुरा आहे, आणि हेवीवेटमध्ये पहिला डावखुरा चॅम्पियन झाला तोच मुळी 1994 मध्ये, मूरर. म्हणजे लुईसच्या काळात डावखुरा चॅम्पियन झालाच नव्हता. त्यातून जॅब मारल्यावर डावा हात खाली सोडायची लुईसची खोड. 1936 मध्ये श्मेलिंगने ती हेरून उजव्या हाताने त्याला बाराव्या राउंडला पाडलं होतं. पण डावखुऱ्यावर सगळ्यात जुना इलाज म्हणजे सरळ उजवा ठोसा, आणि तो लुईसइतका छोट्या अंतरातून क्वचितच कुणी मारला असेल. उसिकच्या कॉर्नरला अजून माणूस हवाय. यायचं असेल तर सहापर्यंत या, आणि लुईस त्या दोन वर्षांत बदलला होता की नाही, त्याची तयारी करून या.